घड्याळाचा उपवास आणि सोबतीचे बळ

बैठे काम करणाऱ्या, मध्यम वयाकडे झुकलेल्या आणि दरवर्षी कमरेच्या पट्ट्याचे एकेक भोक सैल करीत आलेल्या माणसांच्या बैठकीत आज एक प्रश्न हमखास निघतो: दिवसातील काही तास काहीच न खाल्ल्याने वजन खरोखर उतरते काय? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो बहुधा हळू आवाजात विचारला जातो: उतरत असेल, तर पहिल्या पंधरवड्यात मोठ्या उत्साहाने पाळलेला हा नेम पुढे का मोडतो? पहिल्याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे आणि दुसऱ्याचे माणसामाणसांतील संबंधांत. परंतु लोक पहिल्या उत्तरासाठी जेवढी पुस्तके धुंडाळतात, त्याच्या शतांश विचारही दुसऱ्याचा करीत नाहीत. वजन उतरविण्याच्या कामी उपवासाच्या तासांइतकेच, किंबहुना त्यांहूनही अधिक, महत्त्व ते तास आपल्यासोबत पाळणाऱ्या माणसांना आहे, हे या प्रकरणाचे प्रतिपाद्य आहे.

१. उपवासाचे तीन प्रकार

‘इंटरमिटंट फास्टिंग’ या नावाने सध्या सर्वत्र बोलल्या जाणाऱ्या पद्धतीत काय खावे यापेक्षा केव्हा खावे यावर भर असतो. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात दिवसाचे सर्व खाणे आठ तासांच्या आत उरकून उरलेले सोळा तास पाण्यावर काढावयाचे असतात; यालाच लोक ‘सोळा-आठ’ म्हणतात. दुसऱ्यात आठवड्यातील पाच दिवस नेहमीचे जेवण व दोन दिवस नेहमीच्या चतुर्थांशाइतके अत्यल्प अन्न घ्यावयाचे असते. ब्रिटनमध्ये मायकेल मोस्ली यांनी २०१२ साली बीबीसीवरील एका कार्यक्रमातून हा प्रकार घरोघरी पोहोचविला. तिसऱ्यात एक दिवस उपवास व एक दिवस भोजन असा आळीपाळीचा क्रम असतो.

मराठी वाचकाला यांतील काहीच सर्वस्वी अपरिचित वाटू नये. चातुर्मासात धारणे-पारणे करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या एक दिवस उपाशी राहून दुसऱ्या दिवशी जेवत, म्हणजे तिसऱ्या प्रकाराचेच आचरण करीत. एकभुक्त राहणारी माणसे दिवसातून एकदाच पानावर बसत. आणि सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणारा जैनांचा चौविहार व दोनच वेळा बसून जेवण्याचे त्यांचे बियासणे आजही आपल्या शेजारी पाळले जाते. या व्रतांचा हेतू अर्थातच धार्मिक होता, देह हलका करण्याचा नव्हता. अलीकडच्या काळात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानापासून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर प्रचारलेली पद्धत मात्र थेट आरोग्यासाठीच आहे. तीत कडक भुकेच्या दोन वेळांनाच, प्रत्येक खेपेस पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि रोज पंचेचाळीस मिनिटे झपाट्याने चालावे, एवढाच शिरस्ता आहे. आणि तिचे अनुयायी व्हॉट्सअॅपवरील गटांतून परस्परांना धीर देत असतात, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२. डबा आणि कणगी

उपाशी राहिल्यावर शरीरात काय घडते, हे समजण्यासाठी जुन्या शेतकरी घरातील धान्याची व्यवस्था डोळ्यांपुढे आणावी. रोजच्या दळणापुरते धान्य हाताशी असलेल्या डब्यात असे आणि वर्षाची बेगमी कणगीत. डब्यात धान्य आहे तोवर कणगीचे तोंड उघडण्याचे कोणाला कारण पडत नसे.

शरीराचा डबा म्हणजे ग्लायकोजेन. जेवणातील पिष्ट पदार्थांचे पचन होऊन त्यांची ग्लुकोज नावाची साखर होते आणि तिच्यातील शिल्लक भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविला जातो. यकृतातील साठा सुमारे शंभर ग्रॅम व स्नायूंतील सुमारे चारशे ग्रॅम धरला, तर एका ग्रॅमला चार या हिशेबाने एकंदर दोन हजार उष्मांक, म्हणजे एका दिवसाच्या खर्चापुरती शिधासामग्री, झाली. शरीराची कणगी म्हणजे चरबी. पंचाहत्तर किलो वजनाच्या एखाद्या गृहस्थाच्या अंगावर पंचवीस किलो चरबी असेल, तर किलोमागे सुमारे ७,७०० उष्मांक या हिशेबाने कणगीत एक लाख नव्वद हजारांहून अधिक उष्मांक पडून असतात. डबा दोन हजारांचा आणि कणगी जवळजवळ दोन लाखांची, हे प्रमाण ध्यानी घेतले म्हणजे स्थूल मनुष्याला एक जेवण चुकल्याने भोवळ येईल, ही भीती निरोगी शरीराच्या बाबतीत बहुधा का खोटी ठरते, ते कळते.

डब्याचा व कणगीचा कारभार प्रामुख्याने इन्सुलिनकडे असतो. इन्सुलिन हे संप्रेरक, म्हणजे ग्रंथीतून निघून रक्तावाटे सर्व शरीराला हुकूम पोहोचविणारे द्रव्य. जेवण झाले की स्वादुपिंडातून ते स्रवते आणि ‘साठवा’ असा हुकूम सुटतो. तो अमलात असेपर्यंत कणगीतून चरबी बाहेर निघण्यास मज्जाव असतो. खाण्यात खंड पडला, की इन्सुलिन उतरते, यकृतातील डबा हळूहळू रिता होऊ लागतो, आणि साधारणतः बारा ते छत्तीस तासांच्या दरम्यान केव्हातरी शरीर मुख्यतः चरबीवर चालू लागते. ही वेळ प्रत्येकाच्या आदल्या जेवणावर व श्रमावर अवलंबून असते. मार्क मॅटसन आदी शास्त्रज्ञांनी या पालटाचा विशेष अभ्यास केला आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीरात सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. म्हणून पहिल्या आठवड्यात तीनशे ग्रॅम ग्लायकोजेन खर्ची पडले, तर त्याच्यासोबत नऊशे ग्रॅम पाणी जाऊन काटा सुमारे सव्वा किलोने खाली येतो, आणि त्यात चरबीचा अंशही असेलच असे नाही. या पहिल्या घसरणीने हुरळून जाऊ नये आणि पुढे काट्याची गती मंदावली म्हणून खचूही नये.

३. घड्याळ काय करते आणि काय करीत नाही

आता एक छोटे उदाहरण सोडवून पाहू. एक गृहस्थ सकाळी साडेसहाला दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा व चार बिस्किटे घेतात, दुपारी व रात्री जेवतात, आणि रात्री साडेदहाला दूरचित्रवाणीसमोर मूठभर फरसाण खातात. त्यांच्या खाण्याचा दिवस सोळा तासांचा झाला. त्यांनी पहिले जेवण साडेअकराला व शेवटचे साडेसातला घेण्याचे ठरविले, तर खाणे आठ तासांत आले आणि चहाचे सुमारे ८०, बिस्किटांचे १०० व फरसाणाचे १६० असे एकंदर ३४० उष्मांक आपोआप गळाले. तीस दिवसांत ही बचत १०,२०० उष्मांकांची, म्हणजे कागदावर सव्वा किलो चरबीहून किंचित अधिक होते. शरीर पुढे आपला खर्चही थोडा आवरते घेत असल्यामुळे प्रत्यक्षातील घट याहून कमी भरते. तथापि दिशा हीच राहते.

परंतु याच गृहस्थांनी उपवासाची भरपाई म्हणून साडेअकराला जेवणाव्यतिरिक्त साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी घेतली, तर काय होईल? पाऊणशे ग्रॅम कोरडा साबुदाणा सुमारे २६०, तीस ग्रॅम दाण्याचा कूट १७०, दोन चमचे तूप ९० आणि बटाट्याच्या फोडी ४० मिळून ५६० उष्मांक झाले. गळाले ३४० आणि जमा झाले ५६०. अशा मनुष्याने सोळा तासांचा उपवास वर्षभर निष्ठेने पाळला, तरी त्याचे वजन वाढतच जाईल. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रचणाऱ्यांना उष्मांकांचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण जमाखर्चाचा हा नियम त्यांनी अचूक हेरला होता.

तात्पर्य, घड्याळ चरबी जाळत नाही; ते खाण्याला कुंपण घालते. उशिराचे, सवयीचे आणि भुकेवाचूनचे खाणे त्या कुंपणाबाहेर राहते, एवढाच त्याचा मोठा गुण आहे. कुंपणाच्या आत काय व किती चरावे, याचा विवेक माणसालाच करावा लागतो.

४. प्रयोगांची साक्ष

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ११६ लोकांवर झालेला व २०२० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्या वेळातच खाल्ले आणि दुसऱ्या गटाने नेहमीप्रमाणे तीन वेळा. काय व किती खावे, याविषयी कोणावरही बंधन नव्हते. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरीने एक किलोहून थोडे कमी व दुसऱ्याचे पाऊण किलोहून थोडे कमी उतरले. दोहोंतील अंतर नगण्य ठरले.

याउलट चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा आहार नेमून दिलेला होता. फक्त एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात घेतला. त्या गटाचे सरासरी आठ किलो व दुसऱ्याचे ६.३ किलो वजन उतरले, आणि हाही फरक संशोधकांनी निर्णायक मानला नाही. म्हणजे जेथे आहाराचे प्रमाण सांभाळले गेले, तेथे दोन्ही गटांना भरघोस यश आले. जेथे केवळ घड्याळावर भिस्त ठेवली गेली, तेथे फारसे काही घडले नाही.

एक तिसरी साक्ष आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. शिकागो येथे क्रिस्टा वॅराडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर लोकांवर एक वर्ष केलेल्या प्रयोगात, दिवसाआड उपवास करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी मध्येच प्रयोग सोडला. रोज थोडे कमी खाणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. टिकून राहिलेल्यांचे वजन दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखेच उतरले. तेव्हा कोणती पद्धत श्रेष्ठ, या वादापेक्षा कोणती पद्धत आपल्याकडून निभावेल, हाच प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

५. नेम कोठे मोडतो

नेम पोटात मोडतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भूक ही सतत चढत जाणारी वेदना नसून तिला भरती-ओहोटी असते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळी वाढते आणि आपण जेवलो नाही तरी काही वेळाने उतरते. ज्याने ही एक लाट पाणी पिऊन किंवा बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा घेऊन ओलांडली, त्याला पुढचा तास पुष्कळदा सोपा जातो. आणि दोन-तीन आठवड्यांत ही लाटही बहुधा नव्या वेळापत्रकाला सरावते.

नेम खऱ्या अर्थाने मोडतो तो माजघरात, कचेरीत आणि मांडवात. साहेबांच्या मुलाचे पेढे आलेले असतात. शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक कापला जातो. हळदीकुंकवाला गेलेल्या बाईच्या हाती यजमानीण बशी देते आणि ‘एवढ्याने काय होतंय, घ्या हो’ म्हणते. आपल्या समाजात आग्रह हे प्रेमाचे रूप आहे, आणि ते नाकारणारा मनुष्य अन्नाबरोबर प्रेमही नाकारतो आहे, असे वाढणाऱ्याला वाटते. एकट्या मनुष्याला हा प्रसंग दिवसातून तीनदा निभवावा लागला, की चौथ्या वेळी तो हात पुढे करतो. तो भुकेने नव्हे, तर संकोचाने.

घरातील स्त्रीची अडचण याहूनही कठीण आहे. सर्वांची पाने वाढून झाल्यावर रात्री दहाला ती जेवावयास बसते, पातेल्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून आपल्या पानात घेते, आणि सकाळी सहाला पुन्हा चहाच्या आधणाशी उभी असते. तिने साडेसातला जेवावयाचे ठरविले, तर सगळ्या घराची जेवणाची वेळ बदलावी लागते. तिच्या निश्चयाची कसोटी तिच्या कुटुंबाच्या सहकार्यावर ठरते, आणि हे सहकार्य न देता तिला चिकाटी नाही असा ठपका ठेवणे हा उघड अन्याय आहे.

६. सोबतीने काय साधते

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच या गृहिणीला नगराच्या आरोग्यखात्याच्या दवाखान्यातून आहाराचा उत्तम तक्ता मिळाला होता. परंतु तो एकटीने पाळणे तिला जड जाऊ लागले, आणि बिस्किटांचा मोह सुटत नाही याची कबुली देण्यासाठी तिला कोणीतरी हवे होते. १९६१ साली तिने आपल्या सहा स्थूल मैत्रिणींना घरी बोलावले. त्या घरगुती बैठकांतूनच १९६३ साली वेट वॉचर्स ही संस्था उभी राहिली आणि देशोदेशी पसरली. तक्ता आधीही तोच होता. भर पडली ती सहा जणींची.

या सोबतीचे मोल संशोधकांनीही मोजले आहे. रीना विंग व रॉबर्ट जेफरी यांनी अमेरिकेत १६६ लोकांवर केलेला व १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याचा उत्तम दाखला होय. एकट्याने येऊन नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्के लोकांनी तो पुरा केला आणि उतरलेले वजन पुढील सहा महिने पूर्णपणे टिकविले ते केवळ २४ टक्क्यांनी. मित्रांसह आलेल्या व परस्परसाहाय्याचे शिक्षण मिळालेल्या लोकांत हेच आकडे अनुक्रमे ९५ व ६६ होते. जर्मनी, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया या देशांतील ७७२ लोकांवरील २०११ सालच्या प्रयोगातही, साप्ताहिक बैठकांना पाठविलेल्यांचे वर्षअखेर सरासरी पाच किलो, आणि दवाखान्यात नेहमीचा सल्ला मिळालेल्यांचे सव्वादोन किलो वजन उतरले.

याची कारणे अगम्य नाहीत. आठवड्याच्या शेवटी चार माणसांसमोर काट्यावर उभे राहावयाचे आहे, ही जाणीव रात्री फरसाणाच्या बरणीकडे जाणारा हात थांबविते. आपल्यासारखीच अडचण दुसऱ्यालाही येते हे कळले, की चुकीची लाज उरत नाही आणि एका चुकीसाठी सगळा नेम सोडण्याची वृत्ती मावळते. कचेरीत चौघे मिळून चार वाजताचा केक नाकारतात, तेव्हा नाकारणे हा विक्षिप्तपणा न राहता तेथला दस्तूर बनतो. शिवाय प्रसादाचा लाडू डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी जेवणासोबत खाता येतो, यजमानांना आदल्या दिवशीच दूरध्वनीने वेळ सांगून ठेवता येते, यांसारखी व्यवहारज्ञानाची शिदोरी पुस्तकापेक्षा सोबत्याकडूनच अधिक मिळते.

७. मंडळ कसे चालवावे

पाच ते आठ माणसांचे मंडळ पुरेसे होते. याहून मोठ्या गटात गैरहजर राहणारा कोणाच्या ध्यानात येत नाही. शक्य तर एकाच इमारतीतील, कचेरीतील किंवा सकाळी एकत्र फिरावयास जाणारी माणसे निवडावीत, आणि त्यांत घरातील निदान एक व्यक्ती असावी. आरंभ एकदम सोळा तासांनी न करता बारा तासांनी करावा व दर आठवड्याला एकेक तास वाढवीत न्यावा. चौदा तासांवरच जो सुखाने स्थिरावला, त्याला पुढे ढकलू नये.

नोंदवही एकच ठेवावी आणि तीत आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, त्याच काट्यावर घेतलेले वजन व कमरेचा घेर लिहावा. घेराची नोंद आपल्या लोकांना विशेष आवश्यक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपली व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली; उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे असूनही याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखण्याची दक्षता घ्यावी.

मंडळात किलोंची चढाओढ लावू नये, कारण प्रत्येक शरीराची गती निराळी असते. आठवड्यातील किती दिवस नेम पाळला, याचीच वाखाणणी व्हावी. नेम मोडला, तर त्याच दिवशी सांगावे आणि ऐकणाऱ्याने उपदेश न करता उद्याची वेळ विचारावी. जेवणात डाळी, उसळी, दही, अंडी किंवा मासे यांचे प्रमाण पुरेसे आहे काय, याची परस्परांत चौकशी असावी, कारण प्रथिने व व्यायाम यांची हेळसांड झाल्यास चरबीबरोबर स्नायूही झडतात. आणि औषधांविषयीचा सल्ला मंडळात कोणी कोणाला देऊ नये. हा नियम बिनशर्त पाळावा.

८. कोणी या वाटेला जाऊ नये

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, आधीच कृश असलेले वृद्ध, आणि खाण्यासंबंधीचा मानसिक विकार झालेल्या व्यक्ती यांनी हा प्रयोग करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातील साखर उपवासात धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्यावाचून एकही जेवण चुकवू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. उपवासात घाम सुटणे, हातांना कंप येणे, छातीत धडधडणे किंवा भान हरपल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली, तर नेमाचा विचार न करता तत्काळ साखर घ्यावी आणि डॉक्टरांना गाठावे. सोबत्यांनीही अशा माणसाला उपवास पुरा करण्याचा धीर देऊ नये, अन्न द्यावे.

ज्यांना यांपैकी कोणतीही बाधा नाही, त्या वाचकांना विनंती एवढीच, की उद्यापासून किती तास उपाशी राहावयाचे याचा निर्णय करण्यापूर्वी कोणाच्या सोबतीने राहावयाचे, याचा निर्णय करावा. घरातील एक, शेजारातील दोन आणि कचेरीतील दोन अशी पाच माणसे गाठून त्यांच्यापुढे हा बेत मांडावा, पहिल्या वजनाची तारीख ठरवावी, आणि त्या दिवशी नोंदवहीत सर्वांची नावे लिहून मगच पहिला उपवास धरावा.